मन खचते, तेव्हा दोष कुणाचा?



घरातला कर्ता माणूस एकाएकी गप्प होतो. अन्नावरची वासना उडते, रात्र-रात्र झोप लागत नाही, कामाला हात लागत नाही. अशा वेळी आपण काय म्हणतो? म्हातारी माणसे म्हणतात, 'मागच्या जन्मीचे भोग.' कुणी म्हणतो, 'बाहेरचे लागले, भगताकडे न्या.' आणि दीक्षा घेतलेला शिकलेला तरुण म्हणतो, 'त्रिशरण-पंचशील घेऊनही रडता? मनाने दुबळे आहात.' पहिली दोन उत्तरे बावीस प्रतिज्ञा घेतानाच आपण टाकायला हवी होती. तिसरे उत्तर मात्र धम्माच्या नावाने घरात शिरत आहे; म्हणून ते अधिक कसोशीने तपासले पाहिजे.

आपल्या महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे साहेबराव करपे हे गावचे सरपंच राहिलेले, भजनात रमणारे, चार लोकांत मान असलेले शेतकरी. १९ मार्च १९८६ रोजी वर्ध्याजवळ पवनार परिसरात पत्नी व चार मुलांसह त्यांच्या जीवनाचा अंत झाला. महाराष्ट्रातील पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून ती ओळखली जाते. २०१७ पासून दरवर्षी त्या दिवशी ठिकठिकाणी लोक अन्नत्याग करतात. मुलांच्या वाट्याला हे का यावे, हा प्रश्न काळीज चिरतो. पण असा माणूस दुबळा होता, एवढे म्हणून आपली सुटका होईल काय? बरे, नुसती नापिकी आणि थकलेले बिल हेच कारण म्हणावे, तर तीच आपत्ती सोसून दुसरा शेतकरी उभा राहतो. एकाच कारणावर बोट ठेवले की विचार तिथेच थांबतो.

मोलिय सीवक नावाच्या परिव्राजकाने तथागतांना विचारले होते की, माणूस जे सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वकर्मामुळेच, असे काही लोक म्हणतात. आपले मत काय? तथागतांनी आठ कारणे मोजून दाखवली : पित्त, कफ, वात, या तिन्हींचा संनिपात, ऋतूतला बदल, विषम आहारविहार, बाहेरून होणारा आघात आणि कर्माचा विपाक. सारे काही पूर्वकर्मावर ढकलणारे स्वतःच्या अनुभवालाच नाकारतात, असे ते म्हणाले. बाबासाहेबांनी तर पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त बुद्धाचा नव्हेच, असे आपल्या धम्मग्रंथात ठामपणे मांडले.

आजचे वैद्यकशास्त्रही याच वाटेने जाते. थायरॉइडचा विकार, बाळंतपण, दारू, आनुवंशिकता ही शरीराकडची कारणे. कर्ज, बुडालेले पीक, वसतिगृहात जातीवरून झालेला अपमान हे बाहेरचे आघात. एकटेपणा आणि घरातली धुसफूस त्यांत भर घालते. हे धागे एकमेकांत गुंतलेले असतात. एक ओढला की दुसरा ताणला जातो.

मग उपाय एकच कसा असेल? आळवी नगरीत एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधून उपाशीपोटी धम्मश्रवणाला आला. भगवंतांनी आधी त्याला जेवू घातले, मगच उपदेश केला. भुकेल्याला उपदेश पचत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

आता कुणी विचारील, कारणे इतकी असतील तर माणसाच्या हाती काय उरले? स्वतः खचलेल्याच्या हाती त्या घडीला थोडेच उरते. पण आपणही कुणाच्या तरी दुःखाचे कारण असतो किंवा ते हलके होण्याचे. 'दुबळा' हा आपला शब्द आघातात मोजला जातो. शेजारी बसून निमूट ऐकणे औषधात.

म्हणून, वाचकहो, खचलेल्या माणसाला एकटे सोडू नका. त्याच्या कर्जाची, पिकाची, झोपेची चौकशी करा. त्याला विहारात जरूर न्या, पण यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील मानसोपचार विभागातही न्या. २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही गृहीत धरतो आणि त्याच्या उपचाराची जबाबदारी शासनावर टाकतो. कायद्याने जी करुणा ओळखली, ती बुद्धाच्या घरात तरी कमी पडू नये.

जय भीम!