कायरॉनची जखम आणि कायरॉनची विद्या

ग्रीक पुराणकथांतले सेंटॉर कमरेपर्यंत माणूस आणि खाली घोडा. दारू चढली की त्यांचे भान सुटते. लग्नाच्या मांडवात नवरीलाच पळवायला निघालेली ही जात. कायरॉन त्यांच्यासारखाच दिसतो, पण होमर त्याला सेंटॉरांतला सर्वांत न्यायी म्हणतो. त्याचा बाप क्रोनस. आई फिलिरा हिला जन्मलेल्या पोराची इतकी लाज वाटली की तिने देवांकडे आपले रूप बदलून मागितले आणि ती झाड झाली. अशा टाकून दिलेल्या पोराच्या गुहेत, थेसलीतल्या पेलिऑन डोंगरावर, पुढे अस्क्लेपिअस, जेसन आणि अकिलीझ शिकले.

मॅकिआव्हेलीने 'प्रिन्स'च्या अठराव्या प्रकरणात या अर्ध्या पशू गुरूचा अर्थ लावला: राज्यकर्त्याला माणूस आणि पशू दोन्ही होता आले पाहिजे. हा अर्थ मला फार तोकडा वाटतो. हर्क्युलेनियमच्या राखेतून निघालेले एक भित्तिचित्र आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. त्यात कायरॉन मागचे पाय दुमडून बसला आहे आणि कोवळ्या अकिलीझला तंतुवाद्य शिकवतो आहे. कपट किंवा बळजोरी शिकवणाऱ्याची ही बैठक नव्हे.

आपल्या काळात कायरॉन ओळखला जातो तो 'जखमी वैद्य' म्हणून. कार्ल युंगने ही कल्पना मानसोपचारात रुजवली: ज्याने स्वतः सोसले तोच दुसऱ्याला बरे करतो. कल्पनेत तथ्य आहे, पण ती कायरॉनच्या माथी मारणे मला पटत नाही. कथेतला क्रम पाहा. त्याची औषधविद्या आधीची आहे. हेराक्लीझ इतर सेंटॉरांशी लढत असताना हायड्राच्या विषात बुडवलेला बाण चुकून कायरॉनला लागतो, तो नंतर. आपल्याच औषधी वनस्पतींचा त्याला उपयोग होत नाही आणि अमर असल्यामुळे मरणही येत नाही. शेवटी तो अमरत्व सोडतो. अपोलोडोरसच्या नावे असलेल्या ग्रंथात या त्यागाचा संबंध बंदिवान प्रॉमिथिअसच्या सुटकेशी जोडला आहे. वेदनेने त्याला काही शिकवले असे कथा म्हणत नाही. वेदनेपुढे विद्या थिटी पडली, एवढेच ती सांगते, आणि ते फार प्रामाणिक सांगणे आहे.

कायरॉनचे नाव आकाशातही पोहोचले आहे. १९७७ मध्ये खगोलशास्त्रज्ञ चार्ल्स कोवाल यांना शनी आणि युरेनस यांच्यामधून फिरणारी एक वस्तू सापडली. क्रोनसचा (म्हणजे शनीचा) मुलगा आणि युरेनसचा नातू म्हणून तिला कायरॉन हे नाव मिळाले. पुढे तिच्याभोवती धूमकेतूसारखे आवरण दिसले. आज तिची नोंद लघुग्रहांच्या यादीतही आहे आणि धूमकेतूंच्याही.

पण कायरॉनचा खरा वारसा मला 'इलियड'च्या अकराव्या सर्गात दिसतो. ग्रीक योद्धा युरिपिलस मांडीत बाण घेऊन लंगडत येतो. छावणीतल्या दोन वैद्यांपैकी एक स्वतः जखमी, दुसरा रणात. मग तो अकिलीझच्या मित्राला, पॅट्रोक्लसला विनवतो, की अकिलीझकडून शिकलास ते औषध लाव, त्याला ते कायरॉनने शिकवले आहे. पॅट्रोक्लस त्याला कातड्यांवर निजवतो, सुरीने बाण कापून काढतो, काळे रक्त कोमट पाण्याने धुतो, कडू मुळी हातावर चुरडून जखमेत भरतो. रक्त थांबते. गुरू तिथे नाही, शिष्यही नाही. शिष्याचा मित्र आहे, आणि विद्या तिसऱ्या हातातही चोख काम करते. कायरॉनला जखमेवरून ओळखणाऱ्यांनी हा प्रसंग एकदा जरूर वाचावा.