डॉक्टरांचा हात थांबू दे, पांडुरंगा

पांडुरंगा, सोनाजी महाराजांच्या देवळात आज मी नवस बोलायला आलेलो नाही. नवस बोलायचा तर गाठ विरघळू दे म्हणावं लागेल, आणि तशी ती विरघळणारी नाही हे डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून, चित्र काढून समजावलं आहे. माझ्या धाकट्या भावाची लेक मुंबईत दवाखान्यात आहे. तिच्या मेंदूच्या तळाशी गाठ निघाली आहे, आणि येत्या आठवड्यात ऑपरेशन आहे. तुझ्याकडे मी एकच मागतो. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचा हात जिथे थांबायला हवा, तिथे थांबू दे.

आमच्या सोनाळा गावातली सगळी माणसं तुला म्हणत असतील की डॉक्टरांना सगळी गाठ काढायचं बळ दे. त्यांचं प्रेम खरं आहे. पण गाठ ज्या जागेला चिकटली आहे ती जागा तूच घडवलीस. तिला हायपोथॅलॅमस म्हणतात. आकार बदामाएवढा, वजन साधारण ४ ग्रॅम. वरच्या अंगाला मेंदूतली पाण्याची पोकळी, पुढे दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात ती जागा आणि खाली देठाला लागून पिट्युटरी ग्रंथी. वैशाखात सातपुड्याच्या पायथ्याला ऊन असं तापतं की दुपारी वावरात कोणी दिसत नाही. तरी कामाला गेलेल्या माणसाचं अंग तापत नाही, कारण त्याला घाम येतो. त्याला तहान लागते, लघवी दाट होते, रक्तातलं मीठ जागच्या जागी राहतं. यातलं काहीच तो ठरवून करत नाही. हे सगळं त्या ४ ग्रॅममधून चालतं. भूक लागणं आणि पोट भरल्याचं कळणं, रात्री झोप येणं, वयात येणं, हेही तिथूनच. इतकं सगळं तू एवढ्याशा जागेत का ठेवलंस, हे मी विचारत नाही. तिथे सुरी चालवणाऱ्याला मात्र हे क्षणभरही विसरू देऊ नकोस.

आजाराची सुरुवात तहानेपासून झाली. रात्री ती चार-चारदा उठायची, माठाशी जायची. "मोठेबाबा, मले पानी दे," म्हणत मला उठवायची, आणि पुन्हा पुन्हा बाहेर जायची. आमचा संग्रामपूर-जळगाव जामोदचा भाग खारपाणपट्ट्याचा. इथे पाणी आणि लघवीची तक्रार म्हटली की मनात आधी किडनीच येते. किडनीची तपासणी झाली, चांगली निघाली. रक्तातली साखर तपासली, तीही बरोबर. मग कोणी जंत म्हणालं, कोणी लाडावलेली म्हणालं. सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखायला लागलं, उलटी व्हायला लागली, तेव्हा एका ठिकाणी पित्ताच्या गोळ्या मिळाल्या आणि दुसऱ्या ठिकाणी चष्मा. शाळेत तपासणीला आलेल्या पथकातल्या बाईंनी आधीच्या वर्षीची उंची काढून बघितली आणि त्या थबकल्या. पोरगी वर्षभरात वाढलीच नव्हती. त्या बाईंना सुखात ठेव, देवा. त्यांनी नुसती नोंद करून पान उलटलं नाही.

अकोल्याला डोळ्यांच्या डॉक्टरांनी एक डोळा झाकून, हनुवटी टेकवून तिला यंत्रासमोर बसवलं. आत बारीक दिवे लागायचे. दिसला की हातातलं बटण दाबायचं. मधले दिवे ती पटापट दाबत होती. बाजूचे लागले की बोट हलतच नव्हतं, आणि ती तशीच वाट बघत बसायची. कागद बाहेर आला तेव्हा दोन्ही डोळ्यांची बाहेरची बाजू काळी होती. वावरात बाजूने बैल आला तरी ती सरकत का नव्हती, ते तेव्हा उमगलं. डोळे धड होते. नसा जिथे ओलांडतात तिथे खालून काहीतरी दाबत होतं.

मग एमआरआय, शिरेतून औषध देऊन. त्यात गाठ दिसली, थोडी घट्ट, थोडी पाण्याने भरलेली. सीटी स्कॅनमध्ये तिच्यात चुन्याचे कण दिसले. क्रेनिओफॅरिन्जिओमा, असं नाव सांगितलं. हा कॅन्सर नाही, पण जागा वाईट. पोटातल्या बाळाची पिट्युटरी घडताना काही पेशी मागे राहून जातात, त्यातून ही गाठ वाढते असं म्हणतात. पांडुरंगा, ही गोष्ट तू माझ्या भावजयीच्या मनात नीट उतरव. ती रात्री आठवत बसते, दिवस गेलेले असताना ग्रहणात आपण काही चिरलं का, काही शिवलं का. तिने काही केलं नाही. कोणीच काही केलं नाही. डॉक्टरांनी तिला हे सांगितलं, मी सांगितलं, पण तिला पटायचं तर ते तुझ्याकडूनच पटेल.

त्या डॉक्टरांचे उपकार मानतो की त्यांनी सुरी हातात घ्यायची घाई केली नाही. या जागेत दिसणारी प्रत्येक गाठ एक नसते. जर्मिनोमा नावाची गाठ इथेच होते. ती बहुतेक वेळा किरणांनी आणि औषधांनीच जाते, तिला कापून काढत बसायचं नसतं. म्हणून त्यांनी रक्तात अल्फा-फीटोप्रोटीन आणि बीटा-एचसीजी तपासलं. क्षयाची गाठ इथे होऊ शकते, तिला बरेच महिने गोळ्या. काही लेकरांना इथे जन्मजात हॅमार्टोमा असतो. ती कारण नसताना हसत सुटतात, आणि ते हसू म्हणजे फिट असते हे घरच्यांना कळतच नाही. काही फार लहानपणीच वयात येतात. त्यांना महिन्या-तीन महिन्यांनी इंजेक्शन देऊन ते थांबवून ठेवता येतं. कधी सूज असते, तिच्यावर स्टिरॉइड. तेव्हा आधी गाठ कोणती ते ठरायला हवं, उपचार त्याच्यामागून. हा धीर आमच्यात नव्हता. आम्ही रोज विचारत होतो, ऑपरेशन कधी? त्यांनी आमच्यावर न चिडता दर वेळी उत्तर दिलं.

रक्ताच्या तपासणीत कॉर्टिसॉल कमी निघालं, थायरॉइडही कमी. आधी कॉर्टिसॉलची गोळी, मग थायरॉइडची, हा क्रम उलटा झाला तर लेकराच्या जिवावर बेतू शकतं. हे मला तिथल्या एका तरुण डॉक्टरने वहीत लिहून दिलं. कॉर्टिसॉल सुरू झालं आणि तिची तहान उलट वाढली. आम्ही घाबरलो. ते म्हणाले, असंच होतं, ती कमतरता तहानेला झाकून ठेवते. आणि मग ती पाण्याची तपासणी.

तो दिवस तू बघितला आहेस. सकाळपासून पाणी बंद. दर तासाला वजन, दर तासाला लघवी नळीत भरायची, तिच्यावर वेळ लिहायची, मधूनमधून रक्त. पोरगी ओठ चाटत होती. हात धुवायला नेलं तर नळाकडे तोंड न्यायची, म्हणून नर्स ओल्या फडक्याने हात पुसायची. भावजयीला खोलीबाहेर बसवलं होतं. एवढं पाणी तोडूनही लघवी पाण्यासारखीच येत राहिली, वजन उतरत राहिलं, आणि ठरलेल्या मर्यादेला आल्याबरोबर त्यांनी तपासणी थांबवली. मग डेस्मोप्रेसिनचं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने पहिल्यांदा लघवी पिवळी आली. नर्सने ती नळी उजेडात धरून आम्हाला दाखवली. किडन्या चांगल्या होत्या, त्यांना मेंदूकडून निरोपच पोचत नव्हता. त्या नर्सने आपला डबा त्या दिवशी उघडला नाही, हे मी बघितलं. तिचं नाव मला माहीत नाही, तुला माहीत आहे.

आता ऑपरेशन. दुर्बीण नाकातून आत नेणार आहेत. पूर्वी अशी गाठ मुळासकट काढायचाच प्रयत्न असे. काही राहिलं तर पुन्हा वाढते म्हणून. काढायचेही. पण गाठीबरोबर हायपोथॅलॅमस खरवडला गेलेली लेकरं जगली, आणि त्यांचं जगणं फार अवघड झालं. भूक न संपणारी, वजन थांबत नाही, दिवसा झोप, रात्री जाग, शिकलेलं आठवत नाही. काहींची तर तहानच गेली. आयुष्यभर पाणी मोजून प्यायचं, वजन बघून ठरवायचं. पॅरिसच्या स्टेफनी प्युजे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवून दिलं की एमआरआयवर हायपोथॅलॅमस किती गुंतला आहे ते आधी पाहावं, आणि तो फार गुंतला असेल तर गाठीचा तेवढा तुकडा जागेवर सोडून द्यावा. राहिलेल्या तुकड्याला किरणांनी रोखायचं. आमच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं. म्हणाले, डोळ्यांच्या नसा मोकळ्या करू, पाणी काढून घेऊ, जेवढं सहज सुटेल तेवढं काढू, आणि वरचा भाग सोडू.

माझा भाऊ तेव्हा म्हणाला, साहेब, एकदाच काय ते काढून टाका. बापाचं काळीज आहे, त्याला सगळं गेलेलं हवं आहे. देवा, मी या डॉक्टरांच्या बाजूने उभा आहे. हाताखाली गाठ दिसत असताना, अजून थोडी सुटेल असं वाटत असताना, बाहेर बाप हात जोडून उभा असताना थांबायचं, याला केवढी छाती लागत असेल! ती त्यांना दे. आणि नंतरच्या एमआरआयमध्ये तो उरलेला तुकडा दिसेल तेव्हा आमच्या घरातल्या कोणाच्याही तोंडून त्यांच्याबद्दल वावगा शब्द जाऊ देऊ नकोस.

किरणांची भीती आम्हाला होती. ती थोडी कमी झाली ती परळच्या टाटा रुग्णालयामुळे. तिथे डॉ. राकेश जलाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २०१२ या काळात अशाच न पसरणाऱ्या किंवा हळू वाढणाऱ्या मेंदूच्या गाठींची ३ ते २५ वर्षांची २०० मुलं-तरुण घेतले. दोन गट केले. एकाला नेहमीच्या पद्धतीने किरण, दुसऱ्याला गाठीच्या आकाराला अचूक बेतून. दोघांनाही सहा आठवड्यांत ३० वेळा. पाच वर्षं बुद्धीच्या आणि हार्मोनच्या तपासण्या केल्या. अचूक किरणांच्या गटात बुद्धी जास्त टिकली आणि नव्याने हार्मोन बिघडण्याचं प्रमाण ३१ टक्के राहिलं. दुसऱ्या गटात ते ५१ टक्के होतं. २०१७ मध्ये हे जगापुढे आलं. पांडुरंगा, त्या २०० घरांनी आपली लेकरं या अभ्यासात दिली, वर्षानुवर्षं तपासणीला आणली. त्यांच्या चकरांचा फायदा आज सोनाळ्याच्या पोरीला होतो आहे. ती घरं कुठे असतील तिथे त्यांचं भलं कर.

किरणांच्या दिवसांत आमची माणसं दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहतील. बाबा आमच्या वऱ्हाडातले. त्यांच्या नावाच्या छपराखाली आमची पोरगी निजेल, याचा मला मोठा आधार वाटतो. कोमट पाण्यात मऊ केलेली जाळी चेहऱ्यावर ठेवून तिचा मुखवटा बनवतात आणि तो टेबलाला अडकवतात, म्हणजे डोकं तसूभरही हलत नाही. त्या खोलीत ती एकटी असेल. दार बंद झालं की तिथे कोणी जाऊ शकत नाही. तू जा.

ऑपरेशननंतरचे दिवस मला आत्ताच दिसतात, कारण त्यांनी आधीच सांगून ठेवलं आहे. पहिले दिवस लघवी फार होईल. मग अचानक कमी होईल आणि आम्हाला वाटेल, बरी झाली. तेव्हाच जपायचं. शरीर पाणी धरून ठेवतं, रक्तातलं सोडियम कोसळतं, फिट येऊ शकते. आणि मग पुन्हा लघवी वाढते, ती बहुधा कायमची. त्या रात्री पाण्याचा आणि लघवीचा हिशोब ठेवणाऱ्यांच्या डोळ्यांवर झोप येऊ देऊ नकोस.

ती घरी आली की आमचं काम सुरू होईल. डेस्मोप्रेसिनच्या गोळ्या गावच्या मेडिकलमध्ये मिळत नाहीत. अकोटहून, शेगावहून मागवाव्या लागतील, आणि संपायच्या आधी आणायच्या आहेत. ताप आला, उलट्या झाल्या तर कॉर्टिसॉलची गोळी त्या दिवसापुरती वाढवायची. गोळी पोटात टिकली नाही तर इंजेक्शन, तेही लगेच. हे तिच्या दप्तरातल्या कार्डावर मराठीत लिहिलं आहे. ते कार्ड वाचून आमच्या आरोग्य केंद्रातल्या ज्या कोणाची त्या रात्री ड्युटी असेल, त्याला ते खरं वाटू दे. लिहून दिलेलं असूनही थांबा-बघू झालं, तर पोर हातची जाईल.

तिला भूक जास्त लागली, अंग सुटलं, तर गावात कोणी तिला खादाड म्हणू नये. लग्नाच्या पंगतीत म्हणतात, हसून म्हणतात. ती भूक तिच्या हौसेची नसेल. वर्गात मास्तरांनी तिला बाटली जवळ ठेवू द्यावी आणि बाहेर जाताना हात वर करायला लावू नये. उंचीचं इंजेक्शन पुढे, गाठ शांत आहे असं दिसल्यावर सुरू करू म्हणाले आहेत. तोवर पोरं बुटकी म्हणतील. तिची जीभ मूळची तिखट आहे, ती उत्तर देईल. ती जीभ तेवढी शाबूत ठेव.

आणि आमच्या तालुक्यात आणखी एखादं लेकरू असेल, अंबाबरव्याच्या जंगलाकडच्या एखाद्या पाड्यात, रात्री उठून पाणी पिणारं, सकाळी डोकं धरून बसणारं, गेल्या वर्षीचा फ्रॉक अजून बरोबर बसणारं. त्याच्या आईला ते खटकू दे. ती ज्या पहिल्या डॉक्टरकडे जाईल त्याला किडनी आणि साखर तपासून झाल्यावर डोळ्यांची बाजूची नजर तपासायचं सुचू दे. त्या लेकराला अकोल्यापर्यंत यायला आमच्यापेक्षा कमी दिवस लागू दे.