आधी वजन, मग माणूस?

आजी 71 वर्षांची, वजन 118 किलो. गुडघे दाखवायला नेलं की एकच उत्तर: “आधी वजन कमी करा.” मीही तेच म्हणायचो. मग एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी तिला विचारलं, “आजी, तुम्हाला काय जमायला हवंय?”

“संडासात कुणाला हाक न मारता उठता यायला हवं.”

म्हातारपणी नुसतं जेवण तोडलं, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. म्हणून ताईंनी पोटभर वरण-उसळ आणि रोज खुर्चीतून उठ-बस सांगितली. तीन महिन्यांत वजन 2 किलोच उतरलं. पण आजी आता स्वतःची स्वतः उठते.

वजन हा तिचाच दोष मानला, तरी मदतीआधी प्रायश्चित्त कशाला? आजोबांच्या बायपासच्या वेळी त्यांच्या विड्यांचा हिशेब आम्ही कुणीच मागितला नव्हता.