बाई, अजून

नातू तीन वर्षांचा झाला आणि जूनपासून माझ्याच अंगणवाडीत यायला लागला. पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मदतनीस बाईंनी पंगत वाढली: मुगाच्या डाळीची खिचडी आणि गाजराचा कीस. हजेरी लिहिता लिहिता मी मान वर केली, तर तो मांडी घालून आपल्या हातानं खात होता. सांडत होता, पण खात होता. शेजारच्या पोरीनं ताटली पुढं केली तशी त्यानंही केली. "बाई, अजून." घरी मला आजी म्हणतो, तिथं सगळी म्हणतात म्हणून बाई.

मदतनीस कौतुकानं हसली. माझ्या मात्र पोटात कालवलं. आदल्या रात्री ह्याच पोराला मी पाऊण तास भरवत बसले होते. समोर मोबाइल, त्यात गाणी. नजर तिकडं खिळली, तोंड उघडं पडलं की मी घास सारायची. त्यानं मान फिरवली की दुसरं गाणं लावायची. आपण काय खातोय, पोट भरलं की नाही, हे त्याला कळायला मी जागाच ठेवली नव्हती.

बावीस वर्षं सेविका आहे. माता बैठकीत मीच सांगते की चार घास खाऊन मूल उठलं तर उठू द्या, पुढच्या वेळी भुकेनं खाईल. नवी भाजी थुंकली म्हणून सोडू नका, आठ-दहा वेळा थोडी थोडी ताटात पडली की जीभ तिला ओळखायला लागते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलेलं मी फळ्यावर लिहिलेलं आहे: वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाच्या वर नको. आमच्या घरी तो तास दोन जेवणांतच सरून जायचा.

मग तपासणीत नातवाचं हिमोग्लोबिन ९.२ निघालं. ह्या वयात ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. कारण मला शोधावं लागलं नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि झोपताना मिळून लीटरभर दूध त्याच्या पोटात जात होतं, त्यात बुडवलेली बिस्किटं वेगळी. दुधात लोह नसल्यातच जमा, आणि दुधानं भरलेल्या पोटाला भाकरीची भूक लागत नाही. हेही मीच बायकांना सांगते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली सहा महिने ते पाच वर्षांची शंभरातली ६७ मुलं रक्तक्षयाची निघाली, तेव्हा मी सगळा बोल गरिबीला लावला होता. माझ्या दारात म्हैस आहे, शेवगा आहे.

सून एकदा म्हणाली होती, "आत्या, भूक लागल्यावर खाईल की तो." मी तिला गप्प केलं. मोठ्या आवाजात नाही, पण केलं. कारण खोल होतं. माझा मुलगा लहानपणी वजनाच्या तक्त्यावर खालच्या रेषेला असायचा आणि गावात बोललं जायचं, सेविकेचंच पोर असं. ती नामुष्की मी नातवाच्या अंगावर भरून काढत होते. त्याच्या भुकेचा त्यात काही संबंध नव्हता. शिवाय रात्री मोबाइलवर पोषण ट्रॅकरची माहिती भरायची राहिलेली असते. सुनेचा मोबाइल त्याच्या हातात दिला की माझा माझ्या हातात राहायचा.

ह्या सगळ्यात मला सारखी आठवते ती वेगळीच एक आई. गेल्या वर्षी तिच्या लेकराचा दंडघेर मोजला तर पट्टी पिवळ्यात आली, म्हणजे मध्यम कुपोषण, आणि लेकराच्या मुठीत पाच रुपयांचं चिप्सचं पाकीट. वीस बायकांसमोर मी तिला नाही नाही ते बोलले. ती एवढंच म्हणाली, "बाई, खुरपताना पोरगं बांधावर गप बसतं." त्यावरही माझ्याजवळ उत्तर तयार होतं. तिच्या पाकिटात आणि माझ्या मोबाइलमध्ये फरक काय, हे आता स्वतःला विचारते तर एकच फरक दिसतो. तिला रोजगार बुडवणं परवडत नव्हतं. मला सगळं परवडत होतं.

आता दूध दोन कप, बिस्किटं बंद, जेवताना मोबाइल कपाटात. पहिले तीन दिवस नातू रडला, अर्धपोटी झोपला आणि मी रात्रभर कूस बदलत राहिले. चौथ्या दिवशी त्यानं माझ्या ताटातली भाकरी स्वतः मोडून शेवग्याच्या पाल्याच्या भाजीत बुडवली. दोनच घास खाल्ले. मी तिसरा दिला नाही, हात आवरायला जड गेलं.

ती चिप्सच्या पाकिटाची आई त्या दिवसापासून बैठकीला येत नाही, लेकराला सासूबरोबर पाठवते. तिचं घर माझ्या वाटेवरच आहे. रोज सकाळी तिथून जाताना चाल मंदावते. तिच्या उंबऱ्याशी अजून थांबले नाही.