पाठ केलेला पत्ता

लिनक्सच्या एका कुलूपबंद फाइल-सिस्टिममध्ये एक दुवा (सिमलिंक) राहत होता. काम एकच, येणाऱ्याला पुढचा पत्ता सांगायचा. पण तो पत्ता डिस्कवर सांकेतिक अक्षरांत होता. कोणी आलं की दुवा मेमरी मागायचा, किल्ली लावून अक्षरं उलगडायचा, पत्ता सांगायचा आणि ती मेमरी परत करायचा. लगेच दुसरा आला की पुन्हा तेच सगळं.

सर्वांत जास्त हाल धावत्या वाटसरूचे. तो कुठेही लॉक न घेता, कुठेही नोंद न करता पळायचा, म्हणूनच वेगवान. पण थांबायची त्याला मुभा नव्हती. दुवा म्हणायचा, "जरा थांब, उलगडतो." मग त्या बिचाऱ्याला धाव सोडून, पायरीपायरीवर नोंद करत उरलेली वाट चालावी लागे.

शेजारी एक जुना, बिनकुलपाचा दुवा होता. त्याचा पत्ता 60 बाइटांच्या आतला, इनोडमध्येच, म्हणजे त्याच्या स्वतःच्या माहितीच्या चिठ्ठीतच, लिहिलेला. तो म्हणाला, "अरे, एकदा उलगडलास ना? मग ठेव की जवळ."

"पण काका, पत्ता बदलला तर?"

"दुव्याचा पत्ता बदलत नाही. लोकांना दुसरीकडे न्यायचं असेल तर नवा दुवा करतात आणि जुन्याच्या जागी आणतात. जे बदलणार नाही ते खुशाल पाठ करावं, बदलणारं मात्र दर वेळी नव्यानं विचारावं."

2019 साली, लिनक्सच्या 5.2 या आवृत्तीपासून, दुवा तसं वागू लागला. पहिल्या वाटसरूसाठी पत्ता उलगडायचा आणि इनोडमध्ये जपून ठेवायचा. धावते वाटसरू आता पत्ता वाचून तसेच पुढे जात.

खरी परीक्षा एका सकाळी झाली. मशीन नुकतं सुरू झालं होतं, किल्ली अजून आली नव्हती आणि कोणीतरी पत्ता विचारला. दुव्यानं सांकेतिक अक्षरांचीच एक निरर्थक ओळ बनवून दिली. नियमच तसा आहे. सवयीनं तो तीही जपून ठेवणार, तोच काका ओरडले, "ती नको! थोड्या वेळानं किल्ली येईल. मग ही ओळ खोटी ठरेल आणि तू मात्र तीच सांगत बसशील."

काकांचा हा सल्ला मला पहिल्याहून मोलाचा वाटतो. पत्ता तोच, दुवा तोच. तरीही अर्धवट कळलेलं पाठ करणं घातकच.

दुव्यानं ओळ सोडून दिली. किल्ली आली, पुढच्या वाटसरूसाठी खरा पत्ता उलगडला, आणि तो मात्र त्यानं ठेवला.

पुढे मालकानं किल्ली काढून घेतली. दुव्याचा इनोड मेमरीतून निघाला, तेव्हा दुवा पत्ता ठेवलेली मेमरी परत करायला गेला.

"लगेच नको," काका म्हणाले. "धावत्यांची कुठे नोंद नसते. एखादा अजून वाचत असेल. आत्ता जे धावताहेत ते सगळे बाहेर पडू देत, मग सोड."