किती दिवसांची बेगमी?

रस्ता बंद झाला, वीज गेली, बाजार भरला नाही, तर आपलं घर किती दिवस तग धरेल? खेड्यातल्या माणसानं हा प्रश्न पिढ्यानपिढ्या स्वतःला विचारला आहे. त्याच्या उत्तराला मराठीत एक नेमका शब्द आहे : बेगमी. या शब्दाचा अर्थ काळागणिक बदलत गेला. दर मोठ्या संकटानं घराच्या हिशेबातलं एक रिकामं खातं उघडं पाडलं, आणि आपण दर वेळी तेवढंच एक खातं भरत आलो.

जुना हिशेब महिन्यांचा होता. कोकणात आगोटीच्या, म्हणजे पावसाळा लागण्याच्या, आधी तांदूळ, मीठ, सुकी मासळी आणि सरपण घरात यायचं, कौलं शाकारली जायची. देशावर वर्षाची ज्वारी कणगीत किंवा भिंतीतल्या बळदात असायची. जास्तीची ज्वारी पेवात जायची. कडक मुरमाच्या जमिनीत खणलेलं, अरुंद तोंडाचं, रुंद पोटाचं ते कोठार; आत काडाचं अस्तर, वर दगड आणि मातीचा लेप. हवा लागली नाही की धान्य वर्षानुवर्षं टिकायचं. पेव उघडलं की आतली कोंदट हवा जाईपर्यंत कुणी खाली उतरत नसे. त्या हवेनं माणसं मेल्याचं गावाला ठाऊक असायचं.

पण ही बेगमी ठरलेल्या संकटासाठी होती. पावसाळा चार महिन्यांनी संपतो. दुष्काळाला अशी मुदत नसते. 1630 च्या सुमाराचा दुष्काळ देहूच्या तुकोबांच्या घरावर कोसळला. महाजनकी आणि दुकान असलेलं ते घर. तरीही त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. पुढे तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. सगळं गाव उपाशी असताना एका घरची कोठी कुठवर पुरणार, हा धडा त्या काळानं देऊन ठेवला होता.

1876 ते 78 च्या दुष्काळात आगगाडी होती, बाजारात धान्यही होतं. माणसाच्या हातात ते घ्यायला पैसा नव्हता. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं गावोगावची हकिकत गोळा करून सरकारपुढे मांडली. 1880 मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि त्यातून दुष्काळ संहिता तयार झाल्या. भुकेची जबाबदारी घरापुरती नाही, राज्याचीही आहे, हा विचार तिथून रुजू लागला. 1972 च्या दुष्काळात लाखो माणसांनी खडी फोडली, बंधारे घातले, सुकडी खाऊन दिवस काढले. वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये झाला. हे महाराष्ट्राचं फार मोठं काम आहे.

त्यानंतर घराचा हिशेब महिन्यांवरून दिवसांवर आला. रेशन होतं, किराणा दुकान होतं, आठवडी बाजार होता. यात वाईट काहीच नव्हतं. जुनी बेगमी बाईच्या कष्टांवर उभी होती. दळण, कांडण, वाळवण, सरपण यांत तिचं आयुष्य जायचं. तो भार हलका व्हायलाच हवा होता. मात्र त्याबरोबर बियाणंही घरातून गेलं. संकरित वाण आले आणि दर हंगामाला पिशवी विकत घेणं भाग पडू लागलं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाण जपून बियाणं पुन्हा बाईच्या हाती आणलं. 2020 साली त्यांना जाहीर झालेली पद्मश्री हा त्या राखणीचाच सन्मान आहे.

बहात्तर साली अन्न नव्हतं, पण विहिरीला पाणी होतं, असं जुनी माणसं सांगतात. पुढच्या दुष्काळांत धान्य मिळालं; पाणी शेकडो फूट खोल गेलं. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. घराच्या हिशेबात पाण्याचं खातं कोरडं होतं. यावरचा विचार मात्र आधीच झाला होता. विलासराव साळुंखे यांनी सत्तरच्या दशकात पुरंदरमधल्या नायगावात पाणी पंचायत सुरू केली. पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर वाटायचं, भूमिहीनालाही हिस्सा, आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही. हिवरे बाजारात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरतात. पाणी एकट्याच्या कणगीत भरून ठेवता येत नाही. त्याची बेगमी गावानं मिळूनच करावी लागते.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानं आणखी कठोर गोष्ट दाखवली. जाड दगडी भिंती आणि वर मातीचं माळवद. उन्हापासून आणि चोरापासून राखणारं ते घर हजारो माणसांवर कोसळलं. सांगलीजवळच्या हरिपूरच्या हळदीच्या पेवांचंही तसंच झालं. वर्षानुवर्षं हळद राखणाऱ्या त्या पेवांत 2005 च्या महापुरात पाणी शिरलं. एका संकटासाठी बांधलेलं कवच दुसऱ्या संकटात घात करू शकतं.

3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर मी रायगडातल्या आमच्या गावी गेलो, तेव्हा नारळी-पोफळीच्या बागा आडव्या होत्या आणि वीज कधी येईल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. ती यायला कित्येक आठवडे लागले. विहीर तुडुंब होती, पण पंप बंद. रहाट केव्हाच मोडीत निघालेला. मोबाइल मुके झाले होते आणि जवळच्या माणसांचेही नंबर पाठ नव्हते. ज्या घराच्या परसात हातानं पाणी शेंदण्याची सोय उरली होती, त्या एका घराच्या विहिरीवर सगळी वाडी पाणी भरत होती. त्या घरानं कुणाला नाही म्हटलं नाही. त्या दिवसांत माझा स्वयंपूर्णतेचा अर्थ बदलला. गांधीजींनीही ग्रामस्वराज्याची कल्पना मांडताना मुख्य गरजांपुरतं स्वावलंबन आणि बाकीच्या बाबतींत परस्परावलंबन असंच म्हटलं होतं. भिंत घालून एकट्यानं तगून राहणं त्यात कधीच नव्हतं.

राज्यानं आपलं काम करायलाच हवं. पण मदत निघते आणि दारात पोहोचते यांच्यामध्ये काही दिवस जातात. ते दिवस आपले असतात. म्हणून येत्या पावसाळ्याआधी घरातल्यांना घेऊन एकदा बसा. धान्य, पिण्याचं पाणी, उजेड, औषधं, गुरांचा चारा आणि पुढच्या पेरणीचं बियाणं, यांतलं प्रत्येक किती दिवस पुरेल ते कागदावर मांडा. निदान पंधरा दिवसांचा हिशेब जुळवा. विजेविना पाणी काढायची एक सोय ठेवा, कागदपत्रं पाण्यापासून जपा, महत्त्वाचे नंबर वहीत लिहा, घराची जुनी भिंत जाणत्या माणसाला दाखवा. आणि मग शेजारच्या घरी जाऊन विचारा : तुमच्याकडे किती दिवसांचं आहे? त्यांचं उत्तर कमी आलं, तर तुमचा हिशेब अजून पुरा झालेला नाही.