धावण्यापूर्वी : दुद्दुभ जातक आणि आपला मोबाईल



गेल्या महिन्यात वंदनेनंतर मला पंधरा मिनिटे बोलायला सांगितले होते. तेव्हा जे बोललो तेच थोडे नीट करून इथे देत आहे. त्या दिवशी बर्फामुळे पुष्कळांना येता आले नाही, आणि खरे सांगायचे तर एक गोष्ट मी तेव्हा अर्धीच सांगितली होती.

ती आधी सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी रात्री मला एक व्हिडिओ आला. निळा झेंडा खाली पडलेला, लोक दगड मारत आहेत, आरडाओरडा. सोबत लिहिले होते, आज दुपारची घटना, आणि गावाचे नाव आमच्याच तालुक्यातले. माझे रक्त तापले. मी तो घरच्यांच्या ग्रुपवर टाकला आणि झोपलो. तिकडे सकाळ झाली होती. बारावीतला माझा भाचा आणि वस्तीतली सात-आठ पोरे मोटरसायकली काढून त्या गावाकडे निघाली. ताईने त्याच्या गाडीची चावी काढून घेतली म्हणून तो थांबला. बाकीचेही मग थांबले. त्या गावात काहीही झालेले नव्हते. व्हिडिओ तीन वर्षांपूर्वीचा, दुसऱ्या राज्यातला होता. मी फोन केला तेव्हा भाचा एवढेच म्हणाला, "मामा, तुम्ही पाठवलं म्हणून मी निघालो होतो."

जातकांमध्ये दुद्दुभ जातक आहे. ताडाच्या रोपाखाली एक ससा पडून विचार करत असतो की पृथ्वी फुटली तर माझे काय होईल. तेवढ्यात शेजारच्या झाडाचे पिकलेले बेलफळ ताडपत्रावर धपकन पडते. ससा मागे न पाहता पळत सुटतो. दुसरा ससा विचारतो, काय झाले? पृथ्वी फुटते आहे! मग हजारो ससे, हरणे, डुकरे, गवे, हत्ती, सगळे रान समुद्राच्या दिशेने धावू लागते. सिंहाच्या जन्मातले बोधिसत्त्व त्यांना अडवतात आणि एकच प्रश्न विचारतात : कोणी पाहिले? हत्ती म्हणतात, आम्ही नाही, सिंहांना विचारा. सिंह वाघांकडे बोट दाखवतात. असे करत करत प्रश्न त्या एका सशापाशी येतो. मला कथेचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. बोधिसत्त्व सशाला मूर्ख म्हणत नाहीत. त्याला पाठीवर घेतात, त्या जागेवर जातात आणि पडलेले बेलफळ स्वतः पाहून परत येतात.

आपण हसतो, पण ससा खोटे बोलत नव्हता. त्याने आवाज खरोखरच ऐकला होता. फक्त तो ऐकण्याआधीच भीती मनात तयार होती. मज्झिम निकायातल्या मधुपिंडिक सुत्तात महाकच्चान हेच उलगडून सांगतात. डोळा, रूप आणि विज्ञान एकत्र आले की स्पर्श होतो, स्पर्शातून वेदना, जे वेदले त्याची संज्ञा, मग वितर्क आणि शेवटी प्रपंच. आपल्या मराठीत प्रपंच म्हणजे संसार, पण इथे अर्थ आहे मनाने वाढवत नेलेला पसारा. आणि मग हा पसाराच माणसावर स्वार होतो.

माझे पोट सॉफ्टवेअरवर चालते, म्हणून एक गोष्ट आतून सांगू शकतो. तुमच्या स्क्रीनवर काय वर यावे हे ठरवणाऱ्या यंत्रणेला सत्य-असत्य कळत नाही. ती मोजते की अंगठा कुठे थबकला, किती वेळ थबकला, पुढे पाठवले की नाही. म्हणजे ती वेदना मोजते. राग आला की आपण थबकतो, म्हणून राग आणणारे आणखी येते. त्यात कोणाचा कट असलाच पाहिजे असे नाही.

याची किंमत कोण देतो? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातल्या पाच माणसांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार केले. ग्रामपंचायतीच्या खोलीत. त्या काळात देशभर फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एक तर कराचीतल्या बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी बनवलेला होता. शेवटी मूल परत आणून सोडतात आणि संदेश येतो. तेवढा भाग कोणीतरी कापला होता. मारले गेले ते भिक्षा मागणारे, ज्यांच्या बाजूने बोलायला गावात कोणी नव्हते.

इथे सभेत एका ज्येष्ठ ताईंनी मला अडवले. म्हणाल्या, "आपल्यावरचे अत्याचार खोटे असतात असं म्हणायचंय का तुम्हाला?" प्रश्न रास्त आहे. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली, तेव्हा मोठ्या माध्यमांनी सुरुवातीला जवळजवळ दखलच घेतली नाही, आणि घेतली तीही अनैतिक संबंधांचा रंग देऊन. १९२० साली 'मूकनायक' निघाला तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. न छापणे हेही वास्तव घडवणेच आहे. म्हणून तर बाबासाहेबांनी 'मूकनायक'नंतर 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' अशी पत्रे चालवली, आणि १९४३ च्या पुण्यातल्या भाषणात भारतातली पत्रकारिता धंदा झाली आहे असे स्पष्ट सुनावले. आपले खरे दुःख आधीच कोणी मानत नाही. त्यात मी एक खोटा व्हिडिओ घातला, तर उद्याचा खरा व्हिडिओही "असेच असते यांचे" म्हणून बाजूला सारायला मीच कारण दिले.

कालाम सुत्त आपण सगळे सांगतो, पण सोयीने. परंपरा म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, हे आपल्याला आवडते, कारण ते दुसऱ्यांना लागू होते. त्याच यादीत तथागत असेही सांगतात की स्वतःच्या मताशी जुळते म्हणूनही मानू नका. त्या रात्री मी नेमके तेच केले. खोटे बोलणे टाळायचे हे शील मी रोज घेतो, आणि बोटाने मोडले.

दुसऱ्या दिवशी मी ग्रुपवर लिहिले : व्हिडिओ जुना आहे, मी न पाहता पाठवला, चूक माझी. दोन दिवस कोणीच काही बोलले नाही. ही शांतता मला फार जड गेली.

आता मी काहीही पाठवले की सगळ्यांत आधी ताईचा प्रश्न येतो, "तू पाहिलंस का रे?" बहुतेक वेळा मला "नाही" असेच लिहावे लागते. मग मी ते काढून टाकतो.

नमो बुद्धाय. जयभीम.